धोमच्या काठावरचा प्रकाश: हे चित्रीकरण विश्वासार्ह मानता येईल का?

धोमकाठ (प्रश्न)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी आणि माझे मेव्हणे महिन्यातून एक-दोनदा रात्रीच्या आकाशाचे चित्रीकरण करतो. उडत्या तबकड्यांविषयी शाळेत असताना वाचले, तेव्हापासून आकाशात काही अनोळखी दिसले तर ते नीट टिपून ठेवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आजवर जे टिपले त्यातले बहुतेक विमाने, उपग्रह किंवा लग्नसमारंभात सोडलेले आकाशदिवे निघाले. एका चित्रफितीबद्दल मात्र आम्हा दोघांचेच एकमत होत नाही, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो आहे.

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार. आम्ही वाईजवळ धोम धरणाच्या काठावर होतो आणि मोबाइल पश्चिमेकडे, कमळगडाच्या बाजूला रोखलेला होता. रात्री ८ वाजून ३५ मिनिटांनी डोंगराच्या कडेपासून सुमारे चार बोटे वर (हात पूर्ण लांब करून मोजलेली चार बोटे) एक अतिशय तेजस्वी, पिवळसर पांढरा प्रकाश होता. चित्रफीत २ मिनिटे ४० सेकंदांची आहे. पहिले १२ सेकंद झूम केलेले नाही आणि चौकटीच्या डावीकडे काठावरच्या बाभळीचा शेंडा दिसतो. त्यानंतर मी दहापट झूम केले आणि त्या बिंदूची एकदम मोठी तबकडी झाली. तिच्या खालच्या कडेला, उजवीकडे, स्पष्ट खाच आहे, आत एकात एक अशी वर्तुळे आहेत आणि श्वास घेतल्यासारखी ती लहानमोठी होत राहते. १ मिनिट ५० सेकंदांच्या सुमारास ती झटक्यात उजवीकडे सरकते आणि पुन्हा मध्यावर येते. आम्ही चित्रीकरण थांबवून थर्मासमधला चहा घेतला, आणि ९ वाजता पाहिले तर त्या जागी काहीही नव्हते.

मेव्हणे म्हणतात की तो शुक्र होता. मलाही आधी तसेच वाटले होते, पण शुक्राला खाच कशी असेल आणि तो जागचा हलेल कसा? माझा प्रश्न केवळ या एका चित्रफितीपुरता नाही. अनोळखी माणसाने अशी चित्रफीत पाठवली तर तिच्यात नेमके काय पाहून ती विश्वासार्ह ठरवावी, हे मला समजून घ्यायचे आहे.

मृगशीर्ष

तुम्ही तारीख, वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची हे चारही तपशील दिले आहेत, आणि तेवढ्यावरच निम्म्याहून अधिक काम होते. बहुतेक जण "काल रात्री आमच्या गच्चीवरून" एवढेच लिहितात आणि मग कोणालाच काही तपासता येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शुक्र संध्याकाळी पश्चिमेला होता आणि त्या महिन्याच्या मध्यावर तो आपल्या सर्वाधिक तेजावर, जवळजवळ उणे ४.९ प्रतीचा होता (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका लहान, तितके तेज अधिक). म्हणजे आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा जो व्याध, त्याच्याहूनही तो वीस पटींहून अधिक तेजस्वी दिसत होता. २२ तारखेला सूर्यास्तानंतर अडीच तासांहून अधिक काळ तो क्षितिजाच्या वर होता, त्यामुळे ८ वाजून ३५ मिनिटांनी तो तुम्ही सांगता त्याच बाजूला, क्षितिजापासून दहा अंशांच्या आसपास असणार. आकाश तासाला १५ अंश फिरते. आपल्या अक्षांशावर पश्चिमेला मावळणारी ज्योती २५ मिनिटांत सुमारे ६ अंश खाली येते, आणि हात लांब करून मोजलेली चार बोटे साधारण तेवढीच भरतात. तुमचा चहा होईपर्यंत तो डोंगराआड गेला, हे या हिशेबात बरोबर बसते. त्या रात्री तुम्हाला त्या बाजूला दोन तेजस्वी प्रकाश दिसले असते, एक शुक्र आणि दुसरा अनोळखी, तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही एकच सांगता. मग प्रश्न असा पडतो की हा प्रकाश शुक्र नसेल तर त्या वेळी शुक्र कुठे होता?

आता खाच. इथे एक चूक टाळायला हवी. त्या दिवसांत शुक्राचा जेमतेम पाचवा भाग उजळलेला होता, तो कोरीसारखा होता, आणि म्हणून ती खाच म्हणजे शुक्राची कोरच असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. पण तेव्हा शुक्राचा व्यास सुमारे ४५ विकला होता (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). चंद्राचा सुमारे १८०० विकला असतो, म्हणजे शुक्र चंद्राच्या चाळिसाव्या भागाएवढा. मोबाइलच्या दहापट झूममध्ये, ज्यातला बराचसा भाग चित्र ताणूनच मिळवलेला असतो, चौकट व्यापणारी तबकडी शुक्राची असूच शकत नाही. अंधारात फोकस धरायला काही न सापडल्यामुळे कॅमेऱ्याचे भिंग पुढेमागे होत राहते आणि प्रत्येक वेळी बिंदूचा डाग होतो. तो डाग प्रकाशाच्या उगमाचा आकार दाखवत नाही, कॅमेऱ्याच्या छिद्राचा दाखवतो. लहानमोठे होणे हे फोकसचे चाचपडणे आहे, आतली वर्तुळे भिंगाच्या घडणीतून येतात, आणि खाच बहुधा भिंगाच्या कडेमुळे, एखाद्या चऱ्यामुळे किंवा धुळीच्या कणामुळे आलेली आहे.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकी नौदलाचे आहे. २०१९ मध्ये एका युद्धनौकेवरून रात्री काढलेल्या चित्रफितीत आकाशात लुकलुकणारे त्रिकोण दिसत होते आणि जगभर त्यांची चर्चा पिरॅमिडच्या आकाराची याने म्हणून झाली. १७ मे २०२२ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे उपसंचालक स्कॉट ब्रे यांनी सांगितले की तो आकार रात्रदर्शी यंत्रातून आलेला प्रकाश पुढे कॅमेऱ्यात टिपल्यामुळे निर्माण झाला होता.

माझे म्हणणे तसेच मान्य करू नका, ते तपासता येते. त्याच मोबाइलने, तेवढ्याच झूमवर, दूरचा रस्त्यावरचा दिवा मुद्दाम फोकस बिघडवून टिपा. नंतर मोबाइल आडवा-उभा फिरवा. खाच मोबाइलबरोबर फिरली तर ती मोबाइलची आहे. मोबाइल फिरवूनही ती आकाशाच्या संदर्भात जागेवरच राहिली, तर मी माझे मत मागे घेईन.

संकलनकक्ष

मी चित्रफितींच्या संकलनाचे काम करतो, म्हणून केवळ फाइलविषयी लिहितो.

पहिली विनंती अशी की मूळ फाइल जपून ठेवा आणि तिच्यात काहीही कापू नका. व्हॉट्सअॅपवरून चित्रफीत म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते, बारीक तपशील चौकोनी ठिपक्यांत विरघळतात आणि फाइलमध्ये नोंदलेली वेळ व ठिकाण यांची माहिती सहसा उरत नाही. दोन-तीन वेळा पुढे पाठवलेल्या चित्रफितीवर मी मत देत नाही, कारण तिच्यात जे दिसते त्यातले आकाशातले किती आणि दाबण्यातून आलेले किती, हे सांगता येत नाही. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरे, सुरुवातीचे १२ सेकंद कंटाळवाणे वाटले तरी तुमच्या चित्रफितीत मोलाचे तेवढेच आहेत. बाभळीचा शेंडा आणि प्रकाश एकाच चौकटीत असल्यामुळे दोघांमधले अंतर पहिल्या आणि बाराव्या सेकंदाला मोजता येईल. पुढच्या अडीच मिनिटांत तबकडीशिवाय काहीच दिसत नाही, आणि अशा चौकटीत प्रकाश हलला की हात हलला, हे सांगण्याचा मार्गच नसतो. त्यातून मोबाइल कंप घालवण्यासाठी चित्र स्वतःहून सरकवत असतो. हाताची हालचाल त्याच्या मर्यादेबाहेर गेली की चित्र झटका खाते आणि परत मध्यावर येते. तुम्ही वर्णन केलेला झटका मला तसा वाटतो.

लबाडी ओळखण्याबद्दलही थोडे लिहितो, जरी तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही. २८ जानेवारी २०११ च्या पहाटे जेरुसलेमच्या सोनेरी घुमटावर एक प्रकाशगोल उतरला आणि वेगाने वर गेला, अशा चित्रफिती वेगवेगळ्या कोनांतून पुढे आल्या. अनेक साक्षीदार, अनेक कॅमेरे, त्यामुळे प्रथमदर्शनी पुरावा भक्कम वाटला. नंतर लोकांनी त्यातली एक चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली, तेव्हा चित्र हलताना चौकटीच्या कडेला दृश्याचा आरशासारखा उलटा तुकडा दिसत होता. स्थिर चित्राला संगणकावर खोटा कंप दिला की कडेला मोकळी जागा पडते, आणि ती भरण्यासाठी संकलनाची प्रणाली दृश्य उलटे करून चिकटवते. ज्या कंपामुळे चित्रण हाताने केल्यासारखे वाटत होते, त्यानेच ते उघडे पाडले. तेव्हापासून मी कोणतीही चित्रफीत आली की वस्तूकडे नंतर पाहतो, आधी चौकटीच्या चारही कडा पाहतो.

कोरा_कागद

मृगशीर्ष यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. साध्या माणसाने काही दाखवले की लगेच शुक्र, फुगा किंवा ड्रोन म्हणून प्रकरण मिटवण्याची सवय या विषयात फार आहे, आणि त्यामुळे पुष्कळ लोक पुढे येऊन बोलतच नाहीत. नॉर्वेतल्या हेसडालेनच्या दरीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांना वारंवार प्रकाश दिसू लागले. त्यांना हसण्याऐवजी १९८३ मध्ये अभ्यासप्रकल्प सुरू झाला आणि १९९८ मध्ये तिथे स्वयंचलित निरीक्षणकेंद्र बसवले गेले. त्या प्रकाशांविषयी अनेक तर्क झाले, पण सर्व निरीक्षणांना लागू पडेल असे एकच स्पष्टीकरण अजून सर्वमान्य झालेले नाही. काही निरीक्षणे वाहनांच्या दिव्यांची निघाली, काही उरली. "अनोळखी" हा शब्द प्रामाणिकपणे वापरायचा तर असाच वापरावा, असे मला वाटते.

सिंदेवाहीकर

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आठ वाजायच्या थोडे आधी आम्ही घरातली सगळी मंडळी अंगणात होतो आणि आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक रांग, मागे शेपट्या सोडत, एकही आवाज न करता सरकत गेली. माझी आई हात जोडून उभी राहिली. ती भीती आणि तो आनंद मी विसरणार नाही, आणि ज्यांनी तेव्हा "विमान पेटले" किंवा "परग्रहावरचे काही आले" असे म्हटले त्यांना मी आजही नावे ठेवणार नाही.

मी मोबाइल काढला आणि सुमारे ४० सेकंद चित्रीकरण केले. आज ते पाहिले तर काळ्या पडद्यावर हलणाऱ्या ठिणग्या आणि आमचा आरडाओरडा, एवढेच आहे. ती कोणत्या दिशेने गेली, किती उंचीवर होती, हे त्यातून कळत नाही. शेजारच्या काकांच्या चित्रफितीत मात्र खाली विजेचा खांब आणि देवळाचा कळस आला होता, तोही योगायोगाने. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या ओट्यावर त्याच जागी उभे राहिलो आणि खांबापासून कळसापर्यंतचा कोन मुठींनी मोजला. दृश्य दिसत राहिलेला वेळ ठाऊक होता, त्यामुळे आकाशातला वेग काढता आला, आणि तो उल्केच्या मानाने फारच कमी भरला. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही क्षणांत संपते. पृथ्वीभोवती फिरत असलेली मानवनिर्मित वस्तू परतताना सेकंदाला सुमारे ७ ते ८ किलोमीटरच्या वेगाने, जवळजवळ आडवी शिरते, म्हणून ती फुटत फुटत बराच वेळ दिसत राहते.

त्याच रात्री आमच्या तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले आणि परिसरात धातूचे गोळेही मिळाले. सुरुवातीला कोणी उल्कावर्षाव म्हटले, कोणी त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवले. अवकाशउड्डाणांची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्या वेळी परतत होता, असे सांगितले. इस्रोची माणसेही येऊन अवशेष पाहून गेली.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की आमच्याकडे जमिनीवर पडलेला तुकडा होता. तो नसता तर सगळी भिस्त चित्रफितींवर असती, आणि तेव्हा माझी चित्रफीत निरुपयोगी व काकांची उपयोगी ठरली असती. माझा मोबाइल त्यांच्यापेक्षा पुष्कळ महाग होता.

समांतर

सिंदेवाहीकर यांनी खांब आणि कळस यांचे जे सांगितले, त्याचेच मोठे उदाहरण अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचे आहे. १३ मार्च १९९७ च्या रात्री दहाच्या सुमारास शहराच्या बाजूला प्रकाशांची एक ओळ दिसली आणि अनेक रहिवाशांनी घरच्या कॅमेऱ्यांनी ती टिपली. ते प्रकाश एकामागून एक विझत गेले, जणू कोणी बटणे दाबावीत. पुढे विश्लेषकांनी त्याच जागेवरून दिवसाचे चित्रण घेतले आणि रात्रीच्या चित्रणावर बसवून पाहिले. रात्री अंधारात न दिसणारी एस्ट्रेला डोंगराची कड दिवसाच्या चित्रात आली, आणि प्रत्येक प्रकाश बरोबर त्या कडेशी पोहोचल्यावरच नाहीसा होत होता. डोंगरापलीकडच्या सरावक्षेत्रात लढाऊ विमानांनी पॅराशूटला बांधलेल्या प्रकाशनळ्या सोडल्या होत्या आणि त्या हळूहळू खाली येत होत्या. त्याच संध्याकाळी आधी, आठच्या सुमारास, लोकांनी पाहिलेल्या त्रिकोणी रचनेला हे स्पष्टीकरण लागू होत नाही, कारण ती घटनाच वेगळी होती. दोन घटना एकत्र केल्यामुळे आजही या प्रकरणात गोंधळ होतो.

तुम्हीही धोमच्या त्याच जागेवरून दिवसा चित्रण घ्या. प्रकाश डोंगराच्या कडेपासून नेमका किती वर होता, ते कळेल.

वेगाविषयीही सावध राहावे. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी नौदलाच्या विमानातून काढलेल्या, "गोफास्ट" नावाने प्रसिद्ध झालेल्या चित्रफितीत एक ठिपका समुद्राला चाटून भन्नाट वेगाने जाताना दिसतो. नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात पडद्यावरच्याच आकड्यांवरून गणित मांडले. विमान २५,००० फुटांवर होते, ठिपका सुमारे १३,००० फुटांवर, आणि त्याचा सरासरी वेग ताशी ४० मैल, म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर निघाला. एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहताना जवळचे झाड दूरच्या डोंगरावरून धावताना दिसते, तसाच तो भास होता. पडद्यावर अंतर आणि कोन यांचे आकडे नसते तर हे गणित कोणालाच करता आले नसते, आणि आपल्या मोबाइलच्या पडद्यावर ते नसतात.

यावर आपल्यासारख्यांना परवडणारा उपाय म्हणजे दोन जागा. एकमेकांपासून १० किलोमीटरवर उभ्या असलेल्या दोघांनी एकाच क्षणी एकच प्रकाश टिपला आणि दोन्ही चौकटींत ओळखीचे तारे आले, तर ताऱ्यांच्या संदर्भात तो किती सरकलेला दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. दोन जागांना जोडणारी रेषा पाहण्याच्या दिशेशी काटकोनात असेल, तर ५० किलोमीटरवरची वस्तू सुमारे ११ अंश सरकेल, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या मुठीहून थोडी अधिक. ४०० किलोमीटरवरचा उपग्रह दीड अंशाच्या आत सरकेल. शुक्र अजिबात सरकणार नाही. घड्याळे मात्र आधी सेकंदापर्यंत जुळवून घ्या.

धोमकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेले सगळे करून पाहिले.

मोबाइल तोच होता. धरणाच्या भिंतीवरचा दिवा दहापट झूममध्ये फोकस बिघडवून टिपला, तेव्हा तशीच तबकडी, तीच वर्तुळे आणि खाली उजवीकडे तीच खाच आली. मोबाइल आडवा केला तेव्हा खाचही त्याच्याबरोबर वळून बाजूला गेली. भिंगाच्या काचेकडे उजेडात तिरके पाहिल्यावर कडेला एक बारीकसा टवका दिसला, जो मला आजवर कधी दिसला नव्हता. मूळ फाइलमधल्या पहिल्या १२ सेकंदांत बाभळीचा शेंडा आणि प्रकाश यांतले अंतर जवळजवळ तेच राहते, जो फरक आहे तो माझ्या हाताच्या थरथरीएवढाच आहे. दिवसाचे चित्रणही घेतले. प्रकाश डोंगराच्या कडेपासून साडेपाच ते सहा अंश वर होता, आणि मृगशीर्ष यांनी सांगितलेल्या गतीने तो ९ च्या सुमारास कडेआड जायलाच हवा होता. तो शुक्र होता, हे मी मान्य करतो. मेव्हण्यांना फोन करून तसे सांगितलेही.

कोरा_कागद यांनी जे लिहिले त्याने मला धीर आला, कारण हे चित्रीकरण मी थांबवणार नाही. आता एक तिपाई घेतली आहे, झूम बंद ठेवायचे ठरवले आहे, आणि चौकटीचा खालचा पाचवा भाग डोंगर किंवा झाडांसाठी राखतो आहे. मेव्हणे पाचगणीला राहतात. पुढच्या अमावस्येला ते त्यांच्या गच्चीवर आणि मी धोमला, असे ठरले आहे. दोन्ही जागांमधले सरळ अंतर आज नकाशावर मोजून घेतो.

समांतर यांना एक विचारायचे राहिले. घड्याळे जुळवायला चित्रीकरण सुरू असताना फोनवर "आता" असे म्हटले तर चालेल का, की आवाज पोहोचायला लागणारा वेळ अडचणीचा ठरेल?

समांतर

फोनवरचा आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि तो उशीर दर वेळी सारखा नसतो, म्हणून त्यावर विसंबू नका. दोघांनीही चित्रीकरण सुरू करताच उपग्रहावरून वेळ घेणारे अॅप दुसऱ्या मोबाइलवर उघडून त्याचा पडदा पाच सेकंद कॅमेऱ्यासमोर धरावा, आणि थांबवण्यापूर्वी पुन्हा एकदा तसेच करावे.